किल्ली फिरवली, बटण दाबलं... आणि गाडी गप्प!

मित्रांनो, होस्टेलच्या पार्किंगमधलं सकाळचं दृश्य सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पहिल्या लेक्चरला दहा मिनिटं उरलेली असतात आणि कुणाची तरी बाइक हटून बसलेली असते. लगेच चार-पाच तज्ज्ञ जमतात. एक म्हणतो, "बॅटरी गेली रे." दुसरा म्हणतो, "प्लग बदल." तिसरा काहीच न बोलता गाडी ढकलायला लागतो. शेवटी गाडी गॅरेजमध्ये जाते, महिन्याच्या मेसच्या पैशांतून नवी बॅटरी बसते, आणि आठवड्याने पुन्हा तीच रड! कारण मूळ दोष होता एका सैल नटात, नाहीतर चार्जिंगमध्ये.

ओहमचा नियम आपण सगळेच पहिल्या वर्षी घोकून पास झालो. तोच नियम आज पार्किंगमध्ये वापरायचा आहे. ब्रँच कुठलीही असो, मेकॅनिकल, सिव्हिल किंवा आयटी, हे प्रॅक्टिकल सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

आधी फुकटातले उपाय

पाना हातात घेण्याआधी दोन मिनिटं एवढं बघा:

१. किल स्विच 'ऑफ'वर तर नाही ना? येता-जाता मित्रमंडळी तो दाबून जातात.
२. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? हिरवा दिवा लागला का?
३. साइड स्टँड वर आहे का? बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असताना गिअरमध्ये सुरूच होत नाहीत.
४. क्लच पूर्ण दाबून बटण दाबून पाहिलं का? क्लचच्या मुठीतला बारीक स्विच धुळीने किंवा पाण्याने अडकतो.
५. टाकीत पेट्रोल आहे का? हसू नका, विजेचा दोष शोधत अर्धा तास घालवल्यावर हे लक्षात आलेले महाभाग प्रत्येक बॅचमध्ये असतात!

बटण दाबल्यावर नक्की काय होतं?

सेल्फ स्टार्टमध्ये दोन सर्किटं असतात. बटणातून जाणारा करंट अगदी थोडा असतो. तो क्लच किंवा न्यूट्रलच्या स्विचमधून रिलेपर्यंत जातो. रिले 'टक्' करून आतला जाड संपर्क जोडतो आणि मग बॅटरीचा मोठा करंट थेट स्टार्टर मोटरला मिळतो. म्हणजे रेक्टरांनी वर बसून सही करायची आणि वॉचमनने खाली फाटक उघडायचं, असा प्रकार. सही झाली नाही, की फाटक उघडलं नाही, की फाटक उघडूनही आत यायला गाडीच नाही, एवढंच आपल्याला शोधायचं आहे.

ऐका आणि बघा

एका मित्राला मागे उभं करा. ब्रेक दाबून धरा, म्हणजे मागचा लाल दिवा लागेल. आता स्टार्टरचं बटण दाबा. तुम्ही कान द्या, मित्राने दिव्याकडे बघायचं. (हेडलाइटवर विसंबू नका. काही गाड्यांत तो इंजिन चालू झाल्यावरच लागतो, काहींत बटण दाबताना बंद होतो.)

किल्ली फिरवूनही एकही दिवा नाही: आधी मेन फ्यूज बघा. तो बहुधा बॅटरीजवळ, सीटखाली किंवा बाजूच्या पॅनलमागे असतो. फ्यूज ठीक असेल तर बॅटरीचे टर्मिनल आणि किल्लीचा स्विच.

दिवा तेजस्वी, पण 'टक्' आवाज नाही: सही झालेली नाही. बटण, किल स्विच, क्लच स्विच, स्टँड स्विच आणि त्यांचे कनेक्टर तपासा. पावसाळ्यात इथेच पाणी शिरतं.

दिवा तेजस्वी, 'टक्' आवाज येतो, मोटर फिरत नाही: रिलेचे आतले संपर्क जळलेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत.

'टक्-टक्-टक्' आवाज आणि दिवा एकदम मंद: बॅटरी उतरली आहे किंवा जाड वायरचा जोड खराब आहे. या दोघांत फरक कसा करायचा, ते पुढे.

"दिवा तर लागतोय, मग बॅटरी चांगलीच असणार!"

हे वाक्य होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि तेच सगळ्यात जास्त फसवतं. थोडं गणित करू.

समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचली आहे आणि त्या जोडाचा रोध फक्त ०.०५ ओहम आहे. ३५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर साधारण ३ अँपिअर घेतो. जोडात वाया गेले ३ × ०.०५ = ०.१५ व्होल्ट. दिव्याला पत्ताही लागत नाही. आता स्टार्टर मोटर सुरुवातीला ५० अँपिअर मागते असं धरा. ५० × ०.०५ = २.५ व्होल्ट! मोटरला उरले जेमतेम साडेनऊ, आणि ताणाखाली बॅटरीचा स्वतःचा व्होल्टेजही खाली येतो तो वेगळाच. मोटर कण्हते आणि थांबते. बॅटरी बिचारी निर्दोष, पण फाशी तिलाच!

म्हणून मल्टिमीटर वापरा. साधा डिजिटल मीटर पुरतो, रूमवर चार जणांत एक घ्या. डीसी २० व्होल्टच्या रेंजवर ठेवून या चाचण्या करा:

पहिली: गाडी काही तास बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावा. १२.६ च्या आसपास म्हणजे भरलेली. १२.० च्या आसपास किंवा खाली म्हणजे उतरलेली.

दुसरी: बटण दाबून बघा. आकडा साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी कमजोर. नुसतं बसून १२.६ दाखवणारी म्हातारी बॅटरी इथे पकडली जाते.

तिसरी: काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. बटण दाबा. ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थिंगचा जोड खराब. नट काढा, पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवा. खर्च शून्य!

टर्मिनलची बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने साफ होते. नंतर नट आवळून वरून थोडं व्हॅसलीन लावा. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना आधी पॉझिटिव्ह. कारण चेसिस ही निगेटिव्हला जोडलेली असते. उलट केलंत आणि पॉझिटिव्हवरचा पाना चेसिसला लागला, तर सरळ शॉर्ट.

मोटर फिरते, इंजिन पेटत नाही

आता स्पार्क तपासायचा. प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल पोचतंय, पेटत नाही. कोरडा असेल तर दोष बहुधा पेट्रोलच्या बाजूला. प्लग कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची चुडी इंजिनला टेकवा आणि स्टार्ट करा. टोकाला निळसर, कडक ठिणगी दिसली पाहिजे. प्लगच्या भोकापासून लांब धरा, हाताने धातूला शिवू नका, आणि आसपास पेट्रोल सांडलेलं नको. कॅप नुसती हवेत धरून स्टार्टर मारू नका, त्याने सीडीआय युनिट जाऊ शकतं.

ठिणगी नसेल तर स्वस्ताकडून महागाकडे जा: आधी दुसरा प्लग, मग कॅप (आत पाणी किंवा गंज), मग कॉइलचे कनेक्टर, मग पिकअप कॉइल, आणि सगळ्यात शेवटी सीडीआय. गॅरेजवाले कधी कधी हा क्रम उलटा लावतात, ते लक्षात ठेवा! प्लगची फट बहुतेक छोट्या गाड्यांत ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, तरी आपल्या गाडीचं पुस्तक बघून घ्या. फीलर गेज वर्कशॉपमध्ये मिळेल, सर नाही म्हणणार नाहीत.

किक आणि धक्का

ज्या जुन्या गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटोच्या कॉइलमधून थेट येते, त्या बॅटरी मेली तरी किकने सुरू होतात. डीसी इग्निशनच्या गाड्यांना थोडी तरी जिवंत बॅटरी लागते. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. त्यांचा पंप आणि ईसीयू विजेवरच चालतात. बॅटरी पूर्ण मेली असेल तर अशी गाडी गेटपर्यंत ढकलूनही उपयोग होत नाही, घाम तेवढा जातो. किल्ली फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाची गूं-गूं ऐका. आली नाही तर पंपाचा फ्यूज, रिले आणि किल स्विच बघा.

बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते?

गाडी कशीबशी सुरू झाली की सगळे विसरतात. खरी तपासणी इथे आहे. इंजिन चालू ठेवून रेस थोडी वाढवा आणि बॅटरीवर मीटर लावा. साडेतेरा ते साडेचौदाच्या आसपास आकडा हवा. बारावरच अडकला तर चार्जिंग होत नाही, नवी बॅटरीही आठवड्यात मरणार. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर खराब, बॅटरी उकळून मरणार. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर मात्र काढू नका.

सुट्टीचंही गणित बघा. बाहेरून बसवलेला अलार्म २० मिलिअँपिअर खात असेल, तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर. आपल्या गाडीची ५ अँपिअर-अवरची बॅटरी दहा-अकरा दिवसांत रिकामी! दिवाळीला घरी जाताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि परत आल्यावर सीटखाली उंदराने वायर कुरतडल्यात का, तेही बघा. मेसजवळच्या पार्किंगमध्ये हा धोका जास्त.

हे मात्र करू नका

फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार लावून 'जुगाड' करणारे खूप आहेत. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तो अडवलात तर शॉर्टच्या जागी वायरच तापते, तिचं आवरण वितळतं, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून जाते! १० अँपिअरचा फ्यूज उडाला तर १० चाच लावा. पुन्हा उडाला तर शॉर्ट शोधा. तसंच स्टँड स्विच कायमचा जोडून टाकू नका. स्टँड खाली ठेवून निघालेली गाडी डाव्या वळणावर माणसाला पाडते, हे सगळ्यांना माहीत आहे.

थोडक्यात, आधी बघा, मग ऐका, मग मोजा, आणि सगळ्यात शेवटी पैसे खर्च करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर गाडी कशामुळे सुरू झाली ते कधीच कळणार नाही. गॅरेजमध्ये जावं लागलंच तर "गाडी चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "बॅटरी १२.६ आहे, बटण दाबल्यावर ११ राहते, रिले वाजतो, मोटर फिरत नाही," असं सांगा. मेकॅनिकदादा तुमच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतील, आणि बिलही त्याच नजरेने बनवतील!