स्टोमा पिशवीची गळती : कारणे आणि साहित्याची निवड

गुदाशयाचा कर्करोग, आतड्यास पडलेले छिद्र, क्षयरोगाने आलेला अवरोध किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, कारण कोणतेही असो, आतड्याचे तोंड पोटावर आणावे लागले की रुग्णाच्या आयुष्यात एक पिशवी येते. शस्त्रक्रियेची चर्चा आपल्या परिषदांत पुष्कळ होते, पिशवीची फारशी होत नाही. रुग्णाला मात्र घरी गेल्यावर पिशवीशीच संसार करावयाचा असतो. ‘सानंद’च्या नाटकांना नेमाने जाणारे माझे एक रुग्ण स्टोमानंतर दोन वर्षे प्रेक्षागृहाकडे फिरकले नाहीत. आजार आटोक्यात होता. पिशवी कधी गळेल ही धास्ती मात्र गेली नव्हती.

गळती बहुधा पिशवीतून होत नाही, ती चकतीखालून होते. त्वचेला चिकटणारी ही चकती पेक्टिन, जिलेटिन व कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज अशा द्रव्यांची असते. ती ओल शोषते, फुगते आणि हळूहळू विरघळते. १९५०च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. रूपर्ट टर्नबुल यांनी याच कामी कराया डिंक वापरला. हा डिंक ज्या झाडाचा, त्यास आपल्या मध्य प्रदेशातील जंगलांत ‘कुल्लू’ म्हणतात आणि महाराष्ट्रात ‘कांडोळ’. त्वचेला चिकटणाऱ्या पिशवीची कल्पना १९५४ साली एलिसे सोरेन्सन या डॅनिश परिचारिकेस सुचली, तीही स्वतःच्या बहिणीचे हाल पाहून.

गळतीची तक्रार घेऊन रुग्ण आला की मी प्रथम काढलेली चकती उलटी करून पाहतो. ती फेकून न देता सोबत आणावयास सांगावे. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे तिच्याकडे पाहिले असता ती कोणत्या आकड्याशी विरघळली आहे हे स्पष्ट दिसते. सर्व बाजूंनी सारखी झिजली असेल तर ती फार दिवस ठेवली गेली, किंवा भोक मोठे कापले गेले. एकाच दिशेला विष्ठेची वाट दिसत असेल तर त्या जागी पोटावर घडी, व्रण किंवा खळगा असणार. मात्र रुग्ण टेबलावर उताणा असता ही घडी दिसत नाही. त्यास उठवून बसवावे, पुढे वाकवावे, जमल्यास मांडी घालून बसवावे. जेवण, पूजा, भजन यांसाठी आपल्याकडील माणूस जमिनीवर बसतो आणि पिशवी नेमकी तेव्हाच सुटते.

म्हणून नियोजित शस्त्रक्रियेत स्टोमाची जागा आदल्या दिवशी रुग्णास बसवून, उभे करून, वाकवूनच आखावी. ती रेक्टस स्नायूच्या कक्षेत, बेंबी, जुने व्रण व हाडाचा उंचवटा यांपासून दूर आणि रुग्णास स्वतःला दिसेल अशी हवी. परकराची नाडी, निऱ्या, धोतराची गाठ, पॅन्टचा पट्टा कोठे येतो हे विचारावे. परदेशी पुस्तकांत परकर नसतो. इलिओस्टोमीचे तोंड सुमारे २ ते २.५ सें.मी. वर आलेले असावे. बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रूक यांनी १९५२ साली मांडलेली, आतडे उलटवून टाकण्याची पद्धत याचकरिता आहे. त्वचेशी समतल राहिलेल्या इलिओस्टोमीस उत्तम पिशवीही फार काळ साथ देत नाही.

पहिले ६ ते ८ आठवडे स्टोमा आकुंचन पावत असतो. तोवर दर आठवड्यास माप घ्यावे, आणि भोक स्टोमापेक्षा २ ते ३ मि.मी.च मोठे कापावे. या काळात आधीच कापलेल्या चकत्यांचा मोठा साठा घेऊ नये. पोट सपाट व स्टोमा उंच असल्यास साधी सपाट चकती पुरते. स्टोमा आत ओढला गेला असेल तर उत्तल चकती व पट्टा उपयोगी पडतो. परंतु यकृतविकारामुळे स्टोमाभोवती शिरा फुगल्या असतील तर दाब देणारे हे साहित्य टाळावे. पेस्ट हा गोंद नव्हे. ती खळगे भरण्यापुरतीच आहे. तिच्यात बहुधा अल्कोहोल असल्याने सोललेल्या त्वचेवर ती झोंबते. तेथे मऊ वळे बरे. एकसंध पिशवी पातळ व वापरास सोपी; दोन भागांच्या प्रकारात चकती न काढता पिशवी बदलता येते. हात थरथरणाऱ्या वृद्धास यांतील काय जमते ते त्याच्याच हातून करवून पाहावे. महागडे ते चांगले असा येथे नियम नाही.

बदलताना त्वचा साध्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी. खोबरेल, क्रीम, सुगंधी पावडर वर्ज्य. सकाळी काही खाण्यापूर्वी बदलणे सोयीचे, कारण तेव्हा स्राव कमी असतो. पिशवी एक-तृतीयांश ते अर्धी भरताच रिकामी करावी. वायूसाठी टाचणीने भोक पाडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. त्याने वास आणि गळती दोन्ही ओढवते. इलिओस्टोमीची चकती साधारण ३ ते ४ दिवसांनी बदलतात. इंदूरच्या मे महिन्यात, घामामुळे, त्याआधीच बदलावी लागते. साठा उन्हातल्या मोटारीत वा खिडकीपाशी ठेवू नये. चकतीखाली खाज वा जळजळ सुरू झाली म्हणजे गळती सुरू झालीच असे समजून ती तत्काळ काढावी. वरून चिकटपट्ट्या लावल्याने विष्ठा आतच कोंडते व त्वचा सोलून निघते.

स्राव फार पातळ असल्यास भात, केळे, साबुदाणा यांनी तो घट्ट होतो. सुरुवातीच्या आठवड्यांत इलिओस्टोमीच्या रुग्णाने आपला लाडका भुट्ट्याचा कीस मात्र दूर ठेवावा, मक्याने मार्ग तुंबू शकतो. दिवसाचा स्राव दीड ते दोन लिटरच्या वर गेला तर प्रश्न पिशवीचा राहत नाही. क्षार व पाणी भरून काढण्यासाठी रुग्णास त्वरित तपासावे.

सोवळ्यात बसता येईल का, हा प्रश्न स्त्रिया हमखास विचारतात, तोही डॉक्टरांना नव्हे, परिचारिकेला. घट्ट बसलेल्या पिशवीस वास येत नाही, ती लावून स्नान करता येते, हे आपणहून सांगावे, घरच्यांसमक्ष सांगावे. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया अशा रुग्णांसाठी काम करते. तिचे नाव डिस्चार्ज कार्डावर लिहिण्यास हरकत नाही. त्याच कार्डावर आणखी एक ओळ असावी : स्टोमाचा रंग लालसर गुलाबी असतो, तो काळा वा जांभळा दिसल्यास पिशवी बदलत न बसता त्याच दिवशी शल्यचिकित्सकास दाखवावे.