निळू फुले : पडद्यावरचा पाटील आणि पडद्यामागचा माणूस



गेल्या स्नेहसंमेलनात नववीच्या एका मुलाने निळू फुले यांची नक्कल केली. डोक्यावर टोपी, धोतराचा सोगा हातात, डोळे बारीक, आवाज खर्जात आणि तो ‘वाड्यावर’ बोलावणारा संवाद. सगळं पटांगण हसलं. मीही हसलो. पण दुसऱ्या दिवशी तोच संवाद जिन्यात एका मुलीकडे बघून म्हटला गेला. ती मुलगी दोन दिवस शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा तिने मला विचारलं, ‘‘सर, ते निळू फुले खरंच असे होते का हो?’’

त्या तासाला मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा पाठ.

माळीकाम आणि सेवा दल

निळू फुले यांचं पूर्ण नाव नीळकंठ कृष्णाजी फुले. जन्म १९३० सालचा. घरची परिस्थिती बेताची. तरुणपणी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी म्हणून काम करायचे. पगार महिन्याला ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. हिशेब करून बघा, म्हणजे पगाराचा आठवा हिस्सा!

राष्ट्र सेवा दल ही १९४१ मध्ये सुरू झालेली संघटना. जात-धर्माचा भेद न मानणारी, समतेचा विचार तरुणांमध्ये रुजवणारी. आपल्या येवल्याला हा विचार नवा नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथेच. तुम्ही मुक्तिभूमीवर जाऊन आला आहात. माणसाला माणूस म्हणून वागवा, हीच मागणी सेवा दलही करत होतं, पण गाण्यांतून, पोवाड्यांतून, वगनाट्यांतून. या कामासाठी सेवा दलाचं कलापथक गावोगाव फिरायचं. निळूभाऊ त्या कलापथकात घडले. १९५७ च्या निवडणुकीच्या आधी त्यांनी ‘येरा गबाळ्याचे काम नोहे’ हा वग लिहिला. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधली रोंग्याची भूमिका गाजली आणि ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांचं नाव घरोघरी पोचवलं.

पडद्यावर

१९६८ मध्ये ‘एक गाव बारा भानगडी’ हा चित्रपट आला आणि निळूभाऊ पडद्यावर आले. नंतर मराठी सिनेमात बेरकी पाटील, सरपंच, सावकार म्हटलं की तेच, असं ठरूनच गेलं.

त्यांचा खलनायक आरडाओरडा करत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? तो हळू बोलतो. समोरच्याला ‘या, बसा’ म्हणतो. मान जरा तिरपी करून बघतो. आणि तरी समोरचा घाबरतो. कारण पैसा, जमीन आणि माणसं आपल्या मुठीत आहेत हे त्याला ठाऊक असतं. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला आवाज चढवायची गरजच पडत नाही. हे निळूभाऊंनी अचूक पकडलं होतं. मला वाटतं, कलापथकाबरोबर गावं पालथी घालताना त्यांनी अशी माणसं जवळून पाहिली असणार.

‘सामना’ हा चित्रपट जमला तर बघाच. कथा-पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचं. १९७५ मध्ये तो बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. त्यात निळूभाऊ साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील झाले आहेत, तर डॉ. श्रीराम लागू एका साध्या मास्तरची भूमिका करतात. मारुती कांबळेचं काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो आणि त्या प्रश्नाने पाटलाचं साम्राज्य हलतं. हंगामात कोपरगाव रस्त्यावर उसाच्या गाड्या आपण रोज बघतो, त्यामुळे ही गोष्ट आपल्याला परकी वाटत नाही.

पण ते एकाच साच्यात अडकले नाहीत. ‘सिंहासन’ (१९७९) मध्ये ते दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. राजकारणाचा खेळ उघड्या डोळ्यांनी पाहणारा आणि शेवटी तो सहन न होणारा माणूस. रंगभूमीवर तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’मध्ये त्यांनी सखाराम केला. त्या नाटकावर सेन्सॉरने हरकत घेतली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. ‘कुली’, ‘मशाल’, ‘सारांश’ या हिंदी चित्रपटांतही ते दिसतात. ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा शेतकरी आत्महत्यांवरचा चित्रपट त्यांच्या अखेरच्या कामांपैकी एक. १३ जुलै २००९ रोजी पुण्यात कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

पडद्यामागे

नाव झालं, पैसा आला, पण सेवा दलाचा माणूस बदलला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीला त्यांनी साथ दिली. सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन मिळावं म्हणून ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ उभा राहिला. त्याच्या कामात डॉ. लागूंबरोबर निळूभाऊ होते. पडद्यावर एकमेकांसमोर उभे ठाकलेले पाटील आणि मास्तर खऱ्या आयुष्यात एकाच बाजूला होते!

त्या मुलीला उत्तर

आपल्या गावची अस्सल पैठणी तुम्ही हातात घेतलीय. तिचा पदर उलटून पाहिला तरी नक्षी तीच दिसते. नटाचं तसं नसतं. भूमिका आणि माणूस यांची नक्षी वेगळी असू शकते. तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं : नाही, ते तसे नव्हते. तसं वागणाऱ्या माणसांचा आपल्याला राग यावा, म्हणून ते तसे दिसले.

आणि नक्कल करणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही एक गोष्ट. नक्कल जरूर करा, ती कलाच आहे. पण निळूभाऊंनी तो पाटील रंगवला तेव्हा प्रेक्षक त्या बाईच्या बाजूने उभे राहायचे. तोच संवाद जिन्यात मुलीला म्हणणारा मुलगा निळू फुले होत नाही, तो पाटील होतो. त्या दिवशी हसण्याआधी हे मीच सांगायला हवं होतं. चूक माझीही आहे.

स्वाध्याय

१. निळू फुले पगारातला काही भाग कोणत्या संघटनेला देत असत? त्यातून त्यांचा कोणता गुण दिसतो?
२. ‘सत्ता असणाऱ्याला आवाज चढवावा लागत नाही.’ या विधानाचे स्पष्टीकरण पाठाच्या आधारे लिहा.
३. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या चित्रपटांतील निळू फुले यांच्या भूमिकांमधला फरक सांगा.
४. उपक्रम : घरातील आजी-आजोबांना निळू फुले यांचा कोणता चित्रपट आठवतो ते विचारा. तो पाहताना त्यांना कोणाचा राग आला होता, हे आठ-दहा ओळींत लिहून आणा.