रक्ताची पिशवी आणि तिच्यावरची तारीख

१४ एप्रिल असो वा ६ डिसेंबर, आपल्या वस्त्यांत, विहारांत रक्तदान शिबिरे होतात. तिथे आम्हाला हमखास विचारतात, "सिस्टर, प्लास्टिकच्या पिशवीत रक्त खराब नाही का होणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून यावेळी पिशवीविषयीच.

पूर्वी रक्त काचेच्या बाटलीत घेत. ती फुटायची. धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरावी लागायची. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील शल्यचिकित्सक डॉ. कार्ल वॉल्टर यांनी प्लास्टिकची पिशवी पुढे आणली. भारतात तिचे तंत्र तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने विकसित केले.

ही पिशवी बहुधा पीव्हीसी या पॉलिमरची असते. पॉलिमर म्हणजे लहान लहान रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. नळाचा पाइपही पीव्हीसीचाच, पण कडक. पिशवी मऊ राहावी म्हणून त्यात डीईएचपी नावाचे द्रव्य मिसळतात. त्याचा थोडा अंश रक्तात उतरतो. त्याने तांबड्या पेशींचे आवरण टिकायला मदत होते. पण नवजात बाळांच्या दृष्टीने त्याची काळजी वाटते. म्हणून दुसरी द्रव्ये शोधली गेली, काही वापरातही आली.

मऊपणाचा मोठा फायदा पुढेच आहे. मुख्य पिशवीला नळीने आणखी पिशव्या जोडलेल्या असतात. यंत्रात वेगाने फिरवले की जड तांबड्या पेशी तळाशी बसतात. मग पिशवी दाबून वरचा प्लाझ्मा बाहेरची हवा न लागता दुसऱ्या पिशवीत घेतात. प्लेटलेटही अशाच वेगळ्या काढतात. त्यामुळे एकाचे रक्त तिघांच्या उपयोगी पडू शकते. तांबड्या पेशी सिकलसेल, थॅलेसेमियाच्या रुग्णाला, प्लेटलेट कर्करोगाच्या रुग्णाला, तर प्लाझ्मा ज्याचे रक्त नीट गोठत नाही त्याला.

पण पिशवी कितीही चांगली असली तरी मुदत असतेच. प्लेटलेट साधारण ५ दिवस टिकतात. त्यांना प्राणवायू लागतो, म्हणून तो आरपार जाऊ देणाऱ्या पिशवीत त्या सतत हलत्या ठेवतात. तांबड्या पेशी आतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस टिकतात.

आता हिशेब करा. ३५ दिवस धरले तर १४ एप्रिलची पिशवी १९ मेपर्यंतच चालते. मेअखेरीस सिकलसेलच्या लेकराला घेऊन रक्तासाठी वणवण फिरणारी आई आम्ही वॉर्डात पाहिली आहे. तिला त्या शिबिराचा काय उपयोग?

म्हणून एवढे करू या. जयंतीला सगळ्यांनी एकदम रक्त देण्याऐवजी इच्छुकांची यादी करू, महिन्यांप्रमाणे गट पाडू आणि जवळच्या रक्तपेढीला विचारून एकेक गट पाठवू. वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे. पुरुषांनी ३ महिन्यांनी, स्त्रियांनी ४ महिन्यांनी पुन्हा द्यावे.

जयंतीचे रक्त वर्षभर पुरले पाहिजे. जयभीम!