वंध्यत्वावरील गोळी आणि उंदरांची पिल्ले

लेट्रोझोल हे औषध मूळचे ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या स्तनकर्करोगाचे. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारत सरकारने १२ ऑक्टोबर २०११ रोजी बंदी घातली व २०१७ साली ती उठविली. तरीही "डॉक्टर, या गोळीने बाळात व्यंग येतं का हो?" हा प्रश्न सिल्वासात मला आजही ऐकावा लागतो. औषधांचे कारखाने वेशीवरच असल्याने अशी चर्चा येथे घरोघरी पोहोचते.

औषध शरीरात कोठे जाते, हे पाहण्यासाठी त्याच्या रेणूत कार्बन-१४ घालून ते प्राण्यांना देतात आणि ठराविक तासांनी प्रत्येक अवयवातील किरणोत्सर्ग मोजतात. (संपूर्ण शरीराचे पातळ काप फिल्मवर ठेवण्याची उल्बर्ग यांची १९५४ ची पद्धत मला विशेष आवडते, औषध साचले असेल तेथे फिल्म काळी पडते.) पिल्लू म्हणजे लहान आकाराचा प्रौढ प्राणी नव्हे. त्याच्या शरीरात पाणी अधिक, चरबी कमी आणि यकृतातील विकरे अपक्व असतात.

लेट्रोझोल ज्या अरोमाटेज विकराला रोखते, ते बीजग्रंथींबरोबरच मेंदूत व हाडांतही असते. म्हणूनच जन्मानंतर ७ व्या दिवसापासून १२ आठवडे हे औषध दिलेल्या उंदरांत हाडांची वाढ बिघडली, नरांच्या शुक्रनलिकांचा ऱ्हास झाला, माद्यांची जननेंद्रिये खुरटली. औषध थांबवून ४२ दिवस लोटले, तरी ऊतींतील बदल भरून आले नाहीत.

हे वाचून घाबरणे स्वाभाविक आहे. पण ती मात्रा वाढत्या वयात रोज दिलेली होती. आपली रुग्णा पाळीच्या ३ ऱ्या ते ७ व्या दिवसापर्यंतच गोळी घेते. अर्धायुकाल सुमारे ४२ तास. गर्भ रुजण्याच्या सुमारास, म्हणजे २१ व्या दिवशी, आठ अर्धायुकाल उलटून अर्धा टक्काही औषध उरत नाही. उलट क्लोमिफेनचा अर्धायुकाल सुमारे पाच दिवसांचा. त्याचा अंश सहा आठवड्यांनंतरही विष्ठेत सापडला आहे. २००५ साली लेट्रोझोलविषयी भीती पसरली खरी, पण २००६ मध्ये कॅनडात ९११ नवजातांच्या पाहणीत त्या गटात क्लोमिफेनपेक्षा अधिक व्यंगे आढळली नाहीत.

हा सारा हिशेब पाळीच्या तारखेवर उभा आहे. खानवेल-दुधनीकडच्या काही भगिनी ती तारीख सणावरून सांगतात, आणि प्रारंभीच्या गर्भारपणातील रक्तस्रावही पाळी समजला जाऊ शकतो. अशा वेळी लघवीची गर्भचाचणी करून घेतल्याखेरीज मी पहिली गोळी लिहून देत नाही.