मॅरेथॉनमधलं पाणी

आमच्या शिरूर कासारला पुढे केलेल्या पाण्याला कुणी नको म्हणत नाही. गाव सिंदफणेच्या काठचं, पण आम्ही टँकरची वाट पाहत मोठी झालेली माणसं. मिळतंय तोवर पिऊन घ्यावं, पुढे मिळेल न मिळेल, हा हिशेब अंगात मुरलेला. तोच हिशेब घेऊन मी मुंबई मॅरेथॉनला उभा राहिलो आणि पस्तीस किलोमीटर ओलांडल्यावर पेडर रोडच्या चढावर खाली बसलो. पहिल्यांदाच ४२.१९५ किलोमीटर पळायला निघणाऱ्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी हे लिहितो आहे.

रायमोहा रस्त्याला पहाटे गेलात तर पळणारी पोरं दिसतात. बहुतेक भरतीवाली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेऊन आला, तेव्हापासून त्या पोरांच्या बोलण्यात भरतीच्या पलीकडचंही काही येऊ लागलं. त्याच अविनाशनं २०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळून राष्ट्रीय विक्रम केला होता. दम आपल्याकडे आहे, सोसणं तर आहेच. पण भरतीचे १६०० मीटर पाच-सहा मिनिटांत संपतात. त्यात पाण्याचा प्रश्नच येत नाही. मॅरेथॉन नवख्याला चार, पाच, कधी सहा तास रस्त्यावर ठेवते. तेवढ्या वेळात माणूस किती पितो, यावर बरंच काही ठरतं.

मुंबईत पहाटे अंधारात शर्यत सुटली. जानेवारी असूनही हवा दमट होती. आमच्याकडचा घाम अंगावरच वाळतो, तिथला निथळतो. घाम दिसला की तहान नसतानाही प्यावंसं वाटतं. पाण्याचं टेबल आलं की पोरं-पोरी हात लांब करून बाटली देत होती, 'घ्या काका, घ्या' म्हणत होती. मी प्रत्येक ठिकाणी घेत गेलो. सागरी सेतू मागे पडला तेव्हा घड्याळाचा पट्टा मनगटात रुतायला लागला. बोटं सुजली होती. मग डोकं जड झालं, मळमळायला लागलं, पोटात पाणी डुचमळत होतं. शेजारून पळणाऱ्यानं विचारलं, 'कुठून आलात?' आणि मला गावाचं नाव चटकन आठवेना. त्या क्षणाची भीती मी विसरलेलो नाही.

वैद्यकीय तंबूत डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती हातातली बाटली काढून घेण्याची. रक्त तपासलं, सोडियम उतरलं होतं. थोडंसं खारट, घट्ट सूप दिलं आणि बसवून ठेवलं. हळूहळू लघवी झाली, डोकं निवळलं. ती शर्यत तिथंच संपली.

पळताना शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडतं, त्यामुळे मूत्रपिंडं जादाचं पाणी लगेच बाहेर टाकत नाहीत. वरून तुम्ही ओतत राहिलात की रक्त पातळ होतं, पेशी फुगतात. मेंदूला फुगायला कवटीत जागा नसते, म्हणून डोकेदुखी, गोंधळ, पुढे झटके, बेशुद्धी आणि क्वचित मृत्यूही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं; त्यातल्या शेकडा १३ जणांचं सोडियम कमी निघालं. त्यांत शर्यतीत वजन वाढलेले जास्त होते आणि चार तासांहून अधिक वेळ घेणारेही. म्हणजे धोका अव्वल येणाऱ्याला कमी, मागून येणाऱ्या आपल्यासारख्याला अधिक.

काही जण म्हणतात, मग पाण्याऐवजी ओआरएस प्यावं. एका लिटरमागे एक पुडी, हे प्रमाण पाळलेलं ओआरएस साध्या पाण्यापेक्षा बरंच. पण त्यातलं सोडियम रक्ताच्या साधारण निम्मंच असतं. तहानेपेक्षा जास्त ढोसलं तर तेही रक्त पातळच करतं. खरा उपाय तहान ओळखणं हा आहे. तहान लागली की प्या, भागली की थांबा.

त्यासाठी सरावातच स्वतःचा घाम मोजा. तासभर पळण्याआधी आणि नंतर, अंग पुसून, त्याच कपड्यांत वजन करा. दवाखान्यातला काटा चालेल, आडतीवरचाही चालेल. किलोभर घटलं तर साधारण लिटरभर घाम गेला, मधे काही प्यायला असाल तर तेही त्यात मिळवा. साठ किलोच्या माणसाचं लांब पळून किलोभर वजन उतरलं तर घाबरायचं कारण नाही. वाढलं, तर मात्र पाणी जास्त झालं हे नक्की. हेच उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात वेगवेगळं करून पाहा, कारण आपल्या मे महिन्याचा घाम निराळा. आणि उलटा अर्थ काढू नका: उन्हात तहान मारून पळणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. त्यानंही माणसं जातात.

आणखी एक गोष्ट मला बोचते. भरतीच्या पोरांत पळण्याआधी दुखीची गोळी घ्यायची पद्धत पडली आहे. त्यातल्या काही गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात, शरीरात पाणी धरून ठेवतात. लांब शर्यतीच्या दिवशी त्या घेऊ नका. पाय दुखतो म्हणून गोळी लागत असेल, तर तो पाय पळायला तयार नाही.

मी पुढच्या खेपेला तीच शर्यत पूर्ण केली. खिशात खारे शेंगदाणे होते, आणि तहान नसेल तेव्हा टेबलावरच्या पोरांना हात जोडून नको म्हणत पुढे गेलो.

आपल्या तालुक्यात आता छोट्यामोठ्या दौडी भरतात. भरवणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे: पाणी ठेवाच, पण शेजारी काही खारट ठेवा, आणि देणाऱ्या मुलांना आग्रह न करायला शिकवा. पळून आलेला माणूस फुगलेला दिसला, उलट्या करू लागला, असंबद्ध बोलू लागला तर त्याला आणखी पाणी पाजू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काहीच घालू नका. नेहमीच्या सलाइनची बाटली लावायची घाईही करू नका. अशा वेळी तिनं बिघडू शकतं. जिथं रक्तातलं सोडियम लगेच तपासता येतं अशा दवाखान्यात त्याला न्या, आणि तो किती पाणी प्यायला हे डॉक्टरांना आधी सांगा.