एक पॅकेज, दोन दप्तरे
प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सातारा व सांगली कार्यालयांचा हिशेब एकाच एसएसआयएस पॅकेजने गोळा होतो, परंतु सर्व्हरचे नाव व पासवर्ड दर वेळी हाताने बदलावे लागतात. हे स्टोअर्ड प्रोसिजरने साधेल काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : अवश्य साधेल, किंबहुना एसक्यूएल सर्व्हरच्या २०१२ च्या आवृत्तीपासून एसएसआयएसडीबी नामक जो कॅटलॉग उपलब्ध झाला, त्यात ‘क्रिएट_एन्व्हायर्नमेंट_व्हेरिएबल’ ही प्रोसिजर नेमकी ह्याच कार्यास्तव आहे. प्रथम फोल्डर, मग त्यात ‘सातारा’ व ‘सांगली’ अशी दोन एन्व्हायर्नमेंट निर्माण करावीत, आणि नंतरच चले घालावीत. दोहोंत चलांची नावे अक्षरशः एकच ठेवावीत, कारण पॅकेजचा पॅरामीटर चलाला केवळ नावाने ओळखतो. मूल्य कोणत्या दप्तरातून घ्यावे हे रात्रीचा जॉब ज्या एन्व्हायर्नमेंटचा संदर्भ घेऊन चालेल त्यावर ठरते. हा संदर्भ प्रोजेक्टला स्वतंत्र प्रोसिजरने जोडावा लागतो, आणि पुष्कळांचे काम नेमके येथेच अडते.

मजकुराचे मूल्य देताना अवतरणचिन्हापूर्वी कॅपिटल ‘एन’ अवश्य लिहावा. तो गाळल्यास, मूल्य डोळ्यांना निर्दोष दिसत असूनही, प्रकार जुळत नाही म्हणून सर्व्हर ते नाकारतो. पासवर्डासाठी ‘सेन्सिटिव्ह’ हा पॅरामीटर १ ठेवावा, म्हणजे मूल्य कूटबद्ध होऊन साठते व कॅटलॉगच्या यादीत दिसत नाही. सभासदांच्या ठेवींचा प्रश्न असल्याने ह्या बाबतीत कोणतीही सवलत घेऊ नये, आणि पासवर्ड असलेली स्क्रिप्ट काम झाल्यावर सामायिक फोल्डरात मुळीच ठेवू नये.