जूनमधले सुती फ्रॉक

माझ्या आईकडे लहानपणी एक लोकरीचा कोट होता. नगरच्या मिशन कंपाउंडात नाताळच्या सुमारास अमेरिकेहून कपड्यांची खोकी यायची, त्यातला. जाडजूड, पार पोटऱ्यांपर्यंत येणारा आणि एकच बटण शिल्लक राहिलेला. नगरच्या हवेत तो घालायचा कधी? पण मडमसाहेब फोटो काढणार होत्या, म्हणून आईने तो भर दुपारी घातला, घामाने न्हाली आणि हसून उभी राहिली. ही गोष्ट ती शंभरदा सांगायची. मी शंभरदा ऐकली आणि शंभरदा हसले.

एवढं असूनही २०१४च्या जूनमध्ये, आमच्या मंडळीचे आम्ही अकरा जण दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल प्रांतातल्या एका झुलू गावी सेवाकार्यासाठी निघालो, तेव्हा माझ्या दोन्ही बॅगांत काय होतं? स्वच्छ धुतलेले, इस्त्री केलेले सुती फ्रॉक आणि अर्ध्या चड्ड्या. आफ्रिका म्हणजे ऊन, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की पृथ्वीच्या त्या अर्ध्यात जून म्हणजे ऐन हिवाळा, हे भूगोलाची शिक्षिका असूनही माझ्या लक्षात आलं नाही.

डर्बनहून उसाच्या शेतांतून गाडी उत्तरेला जाते, मग डोंगर चढू लागते आणि एशोवे मागे पडलं की घरं विरळ होत जातात. ऊस बघून आमच्यातल्या श्रीरामपूरकरांना अगदी माहेरी आल्यासारखं वाटलं. पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, आणि मुलं ब्लँकेट पांघरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या अंगणात रांग लावून आम्ही फ्रॉक वाटले. फोटो काढले. गावच्या पाळकांनी (तिथे त्यांना उम्फुंदिसी म्हणतात) आभार मानले. म्हाताऱ्या बायका जरा लांब भिंतीला टेकून बसल्या होत्या; त्या रांगेत आल्या नाहीत. मला वाटलं, लाजत असतील. खरं कारण पाच वर्षांनी कळलं. गावात पेन्शनच्या दिवशी बाजार भरायचा आणि त्यात एक विधवा बाई जुने कपडे विकायची. आम्ही फुकट वाटलेल्या फ्रॉकांपायी तिचा त्या महिन्याचा धंदा बुडाला होता. ती त्या म्हाताऱ्यांपैकीच एकीची सून.

त्या नऊ दिवसांत आम्ही बालवाडीची भिंतही रंगवली. पिवळी, वर नोहाचं तारू. गावात रंगारी होता, तो रोज येऊन समोरच्या दगडावर बसायचा आणि आमचं काम बघायचा. अकरा जणांच्या तिकिटांचा खर्च मी नंतर एकदा मांडला. त्यात त्या माणसाला कित्येक वर्षं रोजगार देता आला असता. तुम्हीही अशा सेवेला निघणार असाल, तर हा हिशेब निघण्यापूर्वी मांडा. आकडा बघून जावंसं वाटलं, तर खुशाल जा. मी पुन्हा गेलेच की.

पण खरी चूक फ्रॉकांची नव्हती, भिंतीचीही नव्हती. एक नऊ वर्षांची मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्या मागे मागे असायची. निघताना तिने दुभाष्यामार्फत विचारलं, “परत कधी येणार?” मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, “पुढच्या वर्षी नक्की.” आपण पाहुण्यांना निरोप देताना म्हणतो ना, ‘या हं परत’, तसं. तोंडातून निघून गेलं. पुढच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न होतं, त्याच्या पुढच्या वर्षी माझा गुडघा.

तिथले कर्ते पुरुष, कितीतरी बायका कामासाठी जोहान्सबर्गला असतात आणि डिसेंबरात घरी येतात. वर्षभर आजी आणि नातवंडं. म्हणजे आपलं माणूस कधी येतं? डिसेंबरात. मी २०१९च्या सप्टेंबरात परत गेले, तेव्हा त्या मुलीच्या गोगोने, म्हणजे आजीने, चहा पुढे करता करता मला सांगितलं, “दोन डिसेंबर ती रोज टॅक्सी थांब्यापर्यंत जायची. तिसऱ्या डिसेंबरला नाही गेली.” सुरात तक्रार नव्हती. पाऊस कधी पडला, हे सांगावं तसं सांगितलं. मुलगी चौदा वर्षांची झाली होती. तिने मान खाली घालून ‘सानिबोनानी’ म्हटलं आणि पाण्याचा डबा घेऊन निघून गेली.

झुलूत ‘क्षमा करा’ म्हणायला न्गियाखोलिसा असा शब्द आहे. पण त्यातला ‘खो’ हा नुसता खो नाही. बैलाला हाकताना आपण जीभ गालाच्या कडेला लावून जो टक्क आवाज काढतो, तो तिथे यायला लागतो. त्यासाठी देवनागरीत अक्षर नाही. हळहळताना आपण ‘च्च् च्च्’ करतो, तोही त्यांच्या भाषेत एक व्यंजन आहे. मी तो शब्द रात्रभर घोकला आणि सकाळी त्या मुलीसमोर चुकीचाच उच्चारला. ती हसली नाही. पण तिने तो बरोबर करून दाखवला, दोनदा.

म्हणून पहिलं सांगणं हेच : लहान मुलाला परत येण्याचा शब्द देऊ नका. तिकीट हातात असलं तरी नाही. आणि ज्या मुलांचे आईबाप एड्सने गेले आहेत, त्यांच्या गळ्यात गळा घालून नऊ दिवसांची माया लावू नका. त्या प्रांतात अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. माया लावायचीच असेल तर आजीला लावा. ती मोठी आहे, तिला माणसं जाण्याची सवय आहे, आणि मुलांना सांभाळणार तीच आहे.

गावात शिरण्याआधी तिथल्या इंडुनाला, म्हणजे मुख्याच्या कारभाऱ्याला, निरोप गेला आहे ना, हे पाहा. नुसती पाळकाची चिठ्ठी पुरत नाही. उमुझीच्या, म्हणजे घरवाड्याच्या, बाहेर थांबून हाक द्या. गोल झोपडीत शिरलात की पुरुष उजव्या बाजूला, बायका डाव्या. आपल्याकडे मोठं माणूस आलं की आपण उभे राहतो. तिथे मोठ्यांसमोर उभं राहिलं तर उद्धट ठरतं, चटकन खाली बसायचं. मूल तुमच्या डोळ्यांत बघत नसेल तर ते लाजत नाहीये, मान देतंय. आमच्यातली एक ताई प्रत्येक पोराची हनुवटी वर करून म्हणायची, “वर बघ, बाळा.” झोपड्यांच्या मधोमध गुरांचा गोठा असतो, त्याला इसिबाया म्हणतात. पूर्वजांचा वास तिथे, असं मानतात. मी फोटोच्या नादात सरळ आत शिरले. बाईमाणसाने, त्यातून परक्या बाईने! गोगोने मला हाताला धरून बाहेर आणलं आणि ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

वस्तू घेताना दोन्ही हातांनी घ्या, किंवा उजवा हात पुढे करून डावा त्याच्या मनगटापाशी लावा. आणि घ्याच. आंबट दूध, अमासी, समोर आलं तर ते आपल्या दह्याचंच भावंड आहे. मक्याच्या मोकळ्या उपुथूबरोबर छान लागतं. ‘आमचं पोट भरलंय’ म्हणू नका. आम्ही पहिल्या खेपेला बाटलीबंद पाणी आणि बिस्किटं जवळ बाळगली होती. घरून डबा घेऊन पाहुणा आला, तर यजमानाने काय समजायचं?

दुसऱ्या खेपेला मी एकटी गेले होते, कामाची यादी न घेता. दोन दिवस मला काय करू द्यावं, हे कुणालाच सुचेना. तिसऱ्या दिवशी गोगो झोपडीची जमीन शेणाने सारवत होती. मी पदर खोचला आणि बसले. माझ्या हाताची फिरकी बघून तिने शेजारणींना हाका मारून बोलावलं. इंडियाची बाई सारवते! हात कोपरापर्यंत माखलेले, गुडघा दुखतोय आणि सहा बायका दारातून सूचना देताहेत : त्या दिवसापासून मला कामं सांगितली जाऊ लागली.

इंडियाची, हेही सांगायला हवं. तिथे आपण कोऱ्या पाटीने जात नाही. १८६०पासून नातालच्या उसात राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले, त्यांचे वंशज डर्बनमध्ये आहेत आणि झुलूंचं नि त्यांचं नातं नेहमीच गोडीगुलाबीचं राहिलेलं नाही. १९४९ची दंगल म्हातारी माणसं अजून काढतात. मला पहिल्याच दिवशी एकाने विचारलं होतं, “तुमचं दुकान कुठे?” जुलै २०२१मध्ये तिथे लुटालूट उसळली आणि डर्बनजवळच्या फिनिक्समध्ये भारतीय नि कृष्णवर्णीय समोरासमोर येऊन माणसं मेली, तेव्हा दोन्हीकडचे मेसेज माझ्या फोनवर येत होते. मी एकही पुढे पाठवला नाही. गोगोचा आवाज आला, “तुझी माणसं बरी आहेत ना?” माझं फिनिक्समध्ये कुणी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मग ज्यांचं आहे त्यांना विचार.”

खरं तर आम्हा नगरच्या ख्रिस्ती लोकांचा नि झुलूंचा धागा जुना आहे, तो मला फार उशिरा सापडला. बॉस्टनच्या ज्या अमेरिकन बोर्डाने १८१३मध्ये मुंबईत आणि १८३१मध्ये नगरला मराठी मिशन सुरू केलं, त्याच बोर्डाची माणसं १८३५मध्ये नातालला उतरली : ग्राउट, डॉक्टर अ‍ॅडम्स. म्हणजे आपण एकाच खोक्यातले कपडे घातलेली भावंडं. ग्राउटने तिथे तीसहून अधिक वर्षं काढली. त्याच्या नावाच्या ग्राउटव्हिलचे प्रमुख आल्बर्ट लुथुली १९३८मध्ये मद्रासजवळ तांबरमला मिशनरी परिषदेसाठी आले होते. पुढे त्यांना १९६०चं शांततेचं नोबेल मिळालं. त्या मिशनऱ्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. बाप्तिस्मा घेतलेल्यांना गावापासून तोडून मिशनच्या जमिनीवर वसवण्याची रीत तिथे होती. पण ते भाषा शिकले आणि राहिले. आम्ही नऊ दिवसांत ‘झुलू लोकांमध्ये सेवाकार्य’ केलं, असं परत येऊन मंडळीत साक्ष देताना मी म्हणाले होते. जिथे सुवार्ता पोचून पावणेदोनशे वर्षं झाली, तिथे मी ती घेऊन गेले होते म्हणे.

तिथली मंडळी किती भरभक्कम आहे, हे दर गुरुवारी दिसतं. बायकांची प्रार्थनासभा, मन्यानो, गुरुवारीच, कारण शहरात घरकाम करणाऱ्या बायकांना त्या दिवशी सुट्टी असायची. लाल पोलकं, पांढरी कॉलर, काळा घागरा, पांढरी टोपी. आधी एकीने आवाज लावायचा, मग चार पट्ट्यांत सगळ्यांनी, पेटी नाही की तबला नाही. त्यांनी मला गायला सांगितलं. मी रेव्हरंड टिळकांचं एक भजन म्हटलं, टाळ्यांवर. दुसऱ्या कडव्याला त्यांनी खालचा सूर धरला होता, शब्द न कळता.

२०१९च्या त्या सप्टेंबरात मी त्यांच्याकडून प्रार्थना मागितली ती सांगलीसाठी. ऑगस्टच्या महापुरात माझ्या मावसबहिणीचं घर गेलं होतं. प्रार्थना झाली. मग टोपी फिरली. मी नको नको म्हणत होते. गोगोने माझे दोन्ही हात धरून पुढे केले आणि त्यांत नाणी-नोटा ओतल्या. ४१२ रँड. आमच्या दोन हजार रुपयांच्या आसपास. पुण्यात मंडळीच्या खजिनदारांकडे गेले तर ते घाबरले, “बाई, परदेशी देणगी! एफसीआरएचं लफडं होईल.” मग मी पदरच्या तेवढ्या रुपयांच्या वह्या घेतल्या, सांगलीजवळच्या एका शाळेत दिल्या आणि गोगोला कळवलं. लगेच उलट प्रश्न : किती वह्या? किती मुलं? बिल आहे का? देणाऱ्याने हिशेब मागावा, हे बरोबरच होतं. आम्हाला मात्र त्यांनी फ्रॉकांचं कधी काही विचारलं नव्हतं, आणि आम्हीही त्यांना विचारलं नव्हतं की काय हवंय. एप्रिल २०२२मध्ये डर्बनकडे महापूर आला, तेव्हा मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. उत्तर आलं : इकडे ठीक आहे, पण मन्यानोतल्या एकीच्या लेकाचं डर्बनजवळचं घर वाहून गेलंय, त्याला पत्रे हवेत.

२०२३मध्ये गेले तेव्हा मन्यानोच्या खोलीत सांगलीच्या दुकानाचं मराठी बिल टाचणीने लावलेलं होतं. पिवळी भिंत पुन्हा रंगवली होती, त्या रंगाऱ्याने. तारू त्याने ठेवलं होतं, आमचे जिराफ मात्र गाईंसारखे दिसतात म्हणून खरंच गाई करून टाकले होते. आणि दुभाषी म्हणून माझ्या शेजारी बसली होती अठरा वर्षांची तीच मुलगी.

निघताना गोगोने विचारलं, परत कधी. मी म्हटलं, “तिकिटाचे पैसे साठले की. तारीख सांगत नाही.” मुलीने ते झुलूत सांगितलं. माझ्या दोन वाक्यांची तिने चांगली पाच-सहा केली. गोगो तोंडाला पदर लावून हसत राहिली, आणि मुलगी माझी बॅग उचलून टॅक्सी थांब्याच्या रस्त्याला लागली.